वन मोअर इयर: कॅमेरॉनच्या दाराबाहेर

(दृश्य: रात्र, तंबूंची रांग, टॉर्चचे उजेड)

रात्रीचे दोन वाजून गेलेत. भोंगा वाजला की झोपेतून उठायचं, बूट पायात अडकवायचे, पांघरूण अंगावर घेऊन तसंच बाहेर यायचं आणि यादी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला आपलं नाव सांगायचं. ह्याला इथे टेंट चेक म्हणतात. तंबूतली ठरलेली माणसं हजर नसली आणि असं परत एकदा झालं तर तुमचा तंबू सरळ रांगेच्या शेवटी.

हे डरहम, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक युनिव्हर्सिटीचं आवार, त्यांच्या कॅमेरॉन स्टेडियमच्या बाहेर. ही मुलं जानेवारीच्या थंडीत आठवडेच्या आठवडे गवतावर झोपतात ती एका बास्केटबॉल मॅचसाठी, दहा मैलांवर चॅपल हिलला जी नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी आहे तिच्याविरुद्धच्या. विद्यार्थ्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण रांग लावायला लागते आणि ती रांग म्हणजे हे.

(दृश्य: सकाळ, ताडपत्रीवर दव, लाकडी पॅलेटवर उभे केलेले तंबू)

१९८६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी मॅचच्या काही दिवस आधीच इथे तंबू ठोकले, तिथून हे सुरू झालं. माइक शशेफ्स्की, ड्यूकच्या टीमचे तेव्हाचे कोच, म्हणजे सगळ्यांचे कोच के, त्यांच्या नावावरून ह्या जागेला शशेफ्स्कीव्हिल म्हणतात, बोलताना नुसतं के-व्हिल. तंबू तीन प्रकारचे, काळे, निळे आणि पांढरे. रंग कापडाचा नाही हां, पाळीचा. काळे सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात जास्त दिवस राहतात, एका तंबूत १२ जण, दिवसा एकदोघांनी थांबायचं आणि रात्री जवळजवळ सगळ्यांनी झोपायला यायचं. त्याच्यासाठी टीमच्या माहितीची परीक्षा पण असते, कोण कुठल्या गावचा, कोणी कोणाविरुद्ध किती पॉइंट केले. फारच गारठा पडला किंवा बर्फ आला तर यादीवाले सगळ्यांना रूमवर जायला सांगतात आणि त्या रात्रीची हजेरी माफ.

ही मुलगी बघा. हातमोज्याची बोटं कापलेली आहेत कारण लॅपटॉपवर टाइप करायचंय, असाइनमेंट आजच द्यायचं असणार. शेजारी थर्मास आहे, पायाशी पॅलेटच्या फटीतून चिखल वर आलाय. जॅकेटच्या आत निळा शर्ट आहे आणि त्याच्यावर २ नंबर.

(थोडा वेळ नुसता आवाज राहू दे)

२ नंबर म्हणजे कूपर फ्लॅग. मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा, गावाची वस्ती तीन हजारांच्या आसपास. शाळा एक वर्ष आधी संपवून आला, त्यामुळे २०२४ चा सीझन सुरू झाला तेव्हा तो फक्त १७ वर्षांचा होता, डिसेंबरात १८ पूर्ण झाली. आणि तो आला त्या दिवसापासून ह्या मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं की हा एका वर्षात एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जाणार. कोणाला शंका नव्हती, तरी बोलताना प्रत्येकजण वाक्याच्या शेवटी एक "बघू" लावतच होता. फेब्रुवारीत एका मुलाखतीत तो स्वतःच म्हणाला की मला पुढच्या वर्षी परत यायचंय, मग तर काय, दोन दिवस इथे दुसरा विषय नव्हता.

तो का जाणार हे समजायला जरा मागे जावं लागेल आणि ते मी नीट सांगणारे, कारण लोक चिडतात ते चुकीच्या माणसावर.

पूर्वी शाळेतून थेट एनबीएत जाता यायचं. केविन गार्नेट १९९५ मध्ये तसाच गेला, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये, लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये. मग २००५ मध्ये लीग आणि खेळाडूंची युनियन ह्यांचा नवा करार झाला आणि त्यात अट आली की ज्या वर्षी निवड होणार त्या वर्षात वय १९ पूर्ण हवं आणि अमेरिकन मुलाची शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे एनबीएच्या टीम दर वर्षी नवे खेळाडू निवडतात त्या निवडीपासून, ती लागू झाली. आता शाळा सुटल्यावर ते एक वर्ष कुठेतरी काढायला पाहिजे ना, ते काढायला मुलगा कॉलेजला येतो आणि वर्ष झालं की निघतो. ह्यालाच वन-अँड-डन म्हणतात. ही अट त्या मुलाने मागितलेली नाही, करार झाला तेव्हा ह्यातली बरीच मुलं प्राथमिक शाळेत पण नव्हती.

कॉलेजांनी ह्याच्याभोवती आपली टीम बांधायला सुरुवात केली. केंटकीला २००९ मध्ये जॉन कॅलिपारी आले, ते दर वर्षी नवी पोरं आणायचे, २०१२ मध्ये अशाच पोरांना घेऊन ते कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत चॅम्पियन झाले आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली पहिली दोन्ही नावं त्यांच्याच टीमची, अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट. ड्यूक आधी ह्याच्यापासून लांब होतं, नंतर तेही आलं. कायरी आयर्विंग २०१०-११ मध्ये आला, पायाच्या बोटाच्या दुखापतीमुळे फक्त ११ मॅच खेळला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला. ११ मॅच! ज्यांनी त्याला कॅमेरॉनमध्ये प्रत्यक्ष बघितलंय ते अजून सांगतात की मी बघितलाय. २०१५ ला ड्यूकने विस्कॉन्सिनला ६८-६३ हरवून टायटल घेतलं, त्या टीममध्ये पहिल्या वर्षाचे चौघं मोलाचे होते, जाहलील ओकाफोर, टायस जोन्स, जस्टिस विन्स्लो आणि ग्रेसन ॲलन. तिघं लगेच गेले. ॲलन चार वर्षं राहिला.

(दृश्य: कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम आतून, मॅच नसताना, कॅमेरा हळूहळू छताकडे)

हे कॅमेरॉन. १९४० च्या जानेवारीत उघडलं, बसायला ९,३१४ जागा, म्हणजे आजच्या हिशोबाने छोटंसंच, बाहेरून दगडी, चर्चसारखं दिसतं. कोर्टाच्या अगदी कडेला विद्यार्थी उभे असतात, इतके जवळ की बॉल बाहेरून टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीला हात लागेल.

आणि आता वर बघा. हे नंबर. ज्यांचा नंबर परत कोणाला द्यायचा नाही असं ठरलं ते १३ जण. ३३ ग्रँट हिल, ३२ क्रिश्चन लेटनर, ३१ शेन बॅटिए, ११ बॉबी हर्ली, ४ जे जे रेडिक. कोच के ह्यांचा नियम होता की डिग्री घेतल्याशिवाय नंबर वर जाणार नाही. म्हणून एका वर्षात गेलेले इथे नाहीत, कायरी नाही, जेसन टेटम नाही, झायन विल्यमसन नाही. ह्या तिघांसाठी हे छप्पर उडेल एवढी लोकं ओरडलीत पण वर त्यांचं काही नाही.

जुन्या लोकांशी बोललं की ते बोट वर दाखवूनच बोलतात. त्यांना पोरगा पहिल्या वर्षी चुकताना बघायची सवय होती, दुसऱ्या वर्षी सुधारताना, चौथ्या वर्षी शेवटच्या होम मॅचला आईवडलांबरोबर कोर्टवर उभा राहून रडताना. चार वर्षांत तो घरचा होऊन जायचा. त्यांचं दुःख मला कळतं, ते खोटं नाहीये.

पण हे दुःख कधीकधी कुठे जातं बघा. १९९९ पर्यंत ड्यूकमधून एकही खेळाडू वेळेआधी एनबीएत गेला नव्हता. त्या वर्षी फायनल हरल्यावर तिघं गेले, एल्टन ब्रँड, विल्यम ॲव्हरी, कोरी मॅगेटी. ब्रँड न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किलचा, एकट्या आईने वाढवलेला. ड्यूकच्याच एका बाईने त्याला ईमेल करून सुनावलं की तू जातोयस हे लाजिरवाणं आहे वगैरे. त्याने उत्तर दिलं. मी का सोडतोय ह्याची आठवण करून दिल्याबद्दल आभार, आणि तुमच्यासारख्या लोकांना माझी परिस्थिती कधीच कळणार नाही, असा त्याचा सूर होता. तो त्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला. त्याच्यानंतर इतकी वर्षं झाली तरी जो जातो त्याला हेच ऐकवलं जातं, गद्दार, पैशाचा भुकेला.

मी इथे मास्टर्सला आले तेव्हा घरी काय झालं होतं आठवतं. व्हिसाचं कळलं त्या संध्याकाळी आईने पेढे आणले आणि चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन दिले. कोणी म्हणालं नाही की अजून एक वर्ष थांब. मग नोकरी लागली तेव्हा परत पेढे. आपल्याकडे पोरगं लवकर कमवायला लागलं, मोठ्या ठिकाणी गेलं की लोक दुसऱ्याच्या पोराचंसुद्धा कौतुक करतात. फ्लॅगचा एनबीएतला पहिल्या वर्षाचा पगार जवळपास १ कोटी ३८ लाख डॉलर. आणि ह्या खेळात गुडघा एका सेकंदात जातो. २० फेब्रुवारी २०१९, इथेच, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध, प्रेक्षकांत बराक ओबामा बसलेले, मॅच सुरू होऊन एक मिनिट पण झालं नव्हतं आणि झायनचा बूट फाटला, पाय बाहेर आला आणि गुडघा मुरगळला. तेव्हा किती जणांनी सांगितलं की आता खेळू नकोस, तुझी निवड पक्कीच आहे, कशाला धोका घेतोस. तो परत आला. पाच मॅच बाहेर बसून परत आला आणि टीमला कॉन्फरन्सची, म्हणजे ड्यूक ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्या गटाची, ट्रॉफी जिंकून दिली. ज्याला जायचंच होतं तो असा खेळला, हे सांगायचं राहून जातं म्हणून सांगितलं.

(दृश्य: १ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ, हातांना निळा रंग)

हा रंग कानामागे चार दिवस राहतो, उशीला लागतो, शर्टाच्या कॉलरला लागतो. ही तिघं एकमेकांच्या पाठीवर अक्षरं काढतायत, मधल्याच्या पाठीवरचं अक्षर उलटं आलं म्हणून ते पुसून परत काढतायत. तंबू आता काढलेत. गवतावर चौकोन राहिलेत, प्रत्येक तंबूच्या जागी एक, दाबलं गेलेलं पिवळं गवत आणि कडेने चिखल.

दारं उघडली. बघा कसे पळतायत.

आम्ही बाहेर थांबलो. आतून आवाज येतो तो असा येतो, भिंतीतून, पायाखालून. कधी फ्लॅगचा बॉल गेला ते बाहेर उभं राहून पण कळत होतं, त्याच्यासाठीची आरोळी जरा लवकर सुरू व्हायची, बॉल हातात आला की लगेच.

(आवाज राहू दे, दहा सेकंद)

८७-७०. ड्यूक जिंकलं. फ्लॅगचे २१ पॉइंट.

(दृश्य: शेकोटी)

नॉर्थ कॅरोलायनाला घरी हरवलं की बाकं जाळायची ही इथली पद्धत आहे. विद्यार्थ्यांनीच बनवलेली लाकडी बाकं, वसतिगृहांसमोर वर्षभर असतात, बसायला, अभ्यासाला, आणि ह्या रात्री ती आगीत. ते बाक आता खांद्यावरून येतंय ते बघा, त्याच्या पाठीवर रंगवलेलं नाव अजून वाचता येतंय. हे बाक बनवायला किती वेळ लागला असेल तो पोरांनाच माहीत, पण टाकताना कोणी मागेपुढे बघत नाहीये. पुढचं बाक परत बनवतील.

ह्या आगीच्या उजेडात मी बऱ्याच चेहऱ्यांवर कॅमेरा ठेवला. त्यातले पहिल्या वर्षाचे जे होते ते अजून तीन वर्षं इथे असणार आणि ज्याच्यासाठी घसा बसलाय तो त्यांच्या दुसऱ्या वर्षाला नसणार. त्यांना ते माहिती आहे. त्यांना कोणी फसवलेलं नाही, तरी ते ओरडतात, मला ह्या मुलांबद्दल खरंच खूप वाटतं.

३ मार्चला वेक फॉरेस्टविरुद्ध शेवटची होम मॅच झाली आणि सगळं कॅमेरॉन एका सुरात ओरडायला लागलं, वन मोअर इयर, वन मोअर इयर. मला विचाराल तर त्यात तक्रार नव्हती. जेवून उठलेल्या पाहुण्याला आपण बसा हो अजून म्हणतो ना, त्या मायेने ते ओरडत होते, तो बसणार नाही हे माहीत असून.

एप्रिलमध्ये सॅन अँटोनिओला राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटात सहा पॉइंटची आघाडी गेली, ७०-६७ ने ड्यूक हरलं, फ्लॅगचे २७. २१ एप्रिलला त्याने सांगितलं, जातोय. जूनमध्ये डॅलसने त्याला पहिला घेतला, कॉन नुपेल चौथा, खमान मलुआच दहावा, मॅचच्या सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांपैकी पाचही जण निवडले गेले. शिवाय २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे घेता येतात आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं पण सोपं झालंय, त्यामुळे आता पोरगा एनबीएतच जाईल असं नाही, समोरच्याच कॉलेजात पण जाऊ शकतो.

(दृश्य: पार्किंग, भाड्याचे ट्रक, ताडपत्र्या, दिवस मावळताना)

हा कॅम्पआउट. मास्टर्स, पीएचडीवाल्यांसाठी के-व्हिल नसतं, त्यांना सीझनआधी एक वीकेंड पार्किंगमध्ये काढायचा, भोंगा वाजेल तेव्हा हजेरी द्यायची आणि शेवटपर्यंत टिकलात तर सीझन तिकिटाच्या चिठ्ठीत नाव. मी पण अशाच ट्रकच्या मागच्या पत्र्यावर झोपून तिकीट मिळवलं होतं.

ह्या ट्रकमध्ये दोघी मराठी निघाल्या, एक नागपूरची, एक कोल्हापूरची, पहिलंच सेमिस्टर. बास्केटबॉलचं फारसं माहीत नाही म्हणाल्या, पण बूझर जुळी भावंडं येणार हे माहीत होतं, कॅमेरॉन आणि केडन. त्यांचे वडील कार्लोस बूझर इथेच खेळले, २००१ च्या चॅम्पियन टीममध्ये होते, तीन वर्षं राहिले. ते ऐकून कोल्हापूरची म्हणाली, मग हे पण तीन वर्षं राहतील ना ताई?

मी काही बोलायच्या आत भोंगा वाजला आणि दोघी चपला हातात घेऊनच पळाल्या.