स्विंगमध्ये धडाचं काम

श्रोतेहो, नमस्कार. आज गोल्फच्या स्विंगविषयी, म्हणजे चेंडू मारताना काठी मागे नेऊन फिरवण्याच्या हालचालीविषयी बोलायचं आहे. त्यातही एकाच गोष्टीविषयी: चेंडू मारताना हातांनी किती काम करायचं आणि शरीरानं किती.

आपल्याकडे गोल्फ शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या अंगात आधीच क्रिकेट मुरलेलं असतं. क्रिकेटमध्ये चेंडू वेगानं आपल्याकडे येतो आणि त्याच्याच वेगावर नुसत्या मनगटानं चौकार मिळवता येतो. गोल्फचा चेंडू मात्र जागेवर स्वस्थ असतो. सगळा वेग आपणच निर्माण करायचा. मग नवखा खेळाडू दंडांत जोर आणतो, हात डोक्यापर्यंत उचलतो आणि दणका देतो. यात छाती चेंडूकडेच राहिलेली असते, खांदे वळलेलेच नसतात. खाली येताना उजवा खांदा पुढे घुसतो, क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बाहेरून आत चेंडूला कापत जातो आणि चेंडू उजवीकडे वळत झाडीत शिरतो. हाच तो स्लाइस. (मी उजव्या हातानं खेळणाऱ्यांबद्दल बोलतो आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी.)

आता ज्वारीच्या शेतात गोफण फिरवणारा राखणदार आठवा. तो दगडाला हातानं ढकलत नाही. आधी कंबर वळते, मग खांदा, मग हात, आणि दोरीच्या टोकाला दगड सगळ्यात वेगानं सुटतो. स्विंगचा क्रमही हाच. डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून खाली येताना, आधी कंबर लक्ष्याकडे वळू लागते, मागून छाती, त्यामागून हात आणि शेवटी क्लबचं डोकं. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देतो आणि स्वतः मंदावतो. हातांनी आधीच घाई केली, की द्यायला काही उरतच नाही.

चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात तो काळ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका असतो. त्या क्षणी हातांनी काही सुधारू म्हटलं, तरी ते शक्य नाही. जे व्हायचं ते वर जाताना आणि खाली वळताना ठरून गेलेलं असतं.

बेन होगन हा अमेरिकी खेळाडू डाउनस्विंगची सुरुवात कंबरेनंच करावी, असं आग्रहानं सांगत असे. फेब्रुवारी 1949 मध्ये त्याच्या मोटारीला बसची धडक बसली आणि त्याच्या ओटीपोटाच्या हाडाला फ्रॅक्चर झालं. ज्या कंबरेवर त्याचा सगळा खेळ उभा होता, तीच मोडली. तरीही जून 1950 मध्ये अमेरिकेतल्या मेरिअन इथे तो यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकला. मला हा पराक्रम गोल्फमधला सर्वांत मोठा वाटतो.

सरावासाठी एक साधा टॉवेल घ्या. तो छातीवरून आडवा धरून दोन्ही काखांत दाबा. पिचिंग वेज किंवा नऊ नंबरचं आयर्न यांसारखा आखूड क्लब घ्या आणि हात कंबरेच्या उंचीपर्यंतच नेत छोटे फटके मारा. टॉवेल पडला, तर हात धडापासून सुटले असं समजा. फिजीचा विजय सिंग तीन मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा जिंकलेला खेळाडू, पण तोही डाव्या काखेत हातमोजा धरून सराव करायचा. मात्र दंड आवळू नका. टॉवेल टिकेल इतकाच दाब पुरे, नाहीतर खांदेच अडकतात. ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब फटक्याच्या सर्वांत लांब क्लबच्या, पूर्ण स्विंगला हा टॉवेल वापरू नये. तिथे उजवा हात वर जाताना थोडा मोकळा होणारच.

दुसरा सराव म्हणजे दोन्ही पाय जुळवून फटके मारणं. हातांनी ओढलंत, की लगेच तोल जातो. शिक्षकानं सांगण्याची गरजच पडत नाही.

साठीच्या आसपासचे श्रोते म्हणतील, आमची कंबर इतकी वळत नाही. मग पाठीला जबरदस्तीनं पीळ देऊ नका. क्लब मागे नेताना डावी टाच खुशाल उचलू द्या. बॉबी जोन्स आणि जॅक निकलस हे गोल्फमधले थोर खेळाडू; जोन्स टाच उचलत असे, निकलसही उचलत असे. टाच उचलली की कंबर सहज वळते, तिच्याबरोबर छाती वळते, आणि हात आपोआप वर जातात. खाली येताना आधी ती टाच टेकवा आणि मगच हातांना येऊ द्या.