कबड्डीतला दम आणि दातांवरचे कवच

(दृश्य: मॅटवर घोटा पकडीचा सराव, संथ गतीने.)

घोटा पकड करणाऱ्या कोपरारक्षकाला क्षणभर स्वतःचा चेहरा चढाईपटूच्या गुडघ्याच्या पातळीवर आणावा लागतो. चढाईपटू सुटण्यासाठी पाय झटकतो, त्याच वेळी शेजारचा मध्यरक्षक धडक द्यायला आत घुसतो आणि दोन-तीन शरीरे एकमेकांवर कोसळतात. या झटापटीत गुडघा, कोपर किंवा आपल्याच सहकाऱ्याचे डोके कोणाच्या तोंडावर आदळेल, हे कोणालाही सांगता येत नाही. खेळाडू गुडघ्यांना नीकॅप चढवतात, घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतात, बोटांना चिकटपट्टी लावतात. तोंडात मात्र माऊथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे लवचिक कवच, बहुतेकांच्या नसते.

हा चित्रपट नाशिकच्या हौशी खेळाडूंविषयी आहे. पंचवटी, जुने नाशिक, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड या भागांत संध्याकाळी सराव करणारी मुले-मुली दिवसा महाविद्यालयात असतात किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून मैदानावर येतात. त्यांच्यासोबत संघाचा डॉक्टर नसतो, फिजिओ नसतो आणि दात तुटला तर त्याचा खर्च घरच्यांनाच करावा लागतो.

(दृश्य: तायक्वांदोचा वर्ग. मुले हेल्मेट घालण्याआधी माऊथगार्ड तोंडात बसवत आहेत.)

तायक्वांदो शिकणारी दहा-बारा वर्षांची मुले काहीही कुरकुर न करता माऊथगार्ड घालतात, कारण त्याशिवाय त्यांना लढतीला उभे राहता येत नाही. जागतिक तायक्वांदोच्या नियमांनुसार हे माऊथगार्ड पांढरे किंवा पारदर्शक असावे लागते. बॉक्सिंगमध्येही ते सक्तीचे आहे आणि हौशी बॉक्सिंगच्या नियमांत लाल रंगाच्या माऊथगार्डला मनाई आहे, म्हणजे तोंडातून रक्त येत असेल तर ते पंचांना लगेच दिसावे. कराटेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही ते अनिवार्य आहे. हॉकीचे आंतरराष्ट्रीय नियम मैदानी खेळाडूंना केवळ शिफारस करतात. कुस्तीत सक्ती नाही आणि कबड्डीतही नाही. त्यामुळे एकाच गल्लीतली दोन भावंडे, एक तायक्वांदोला आणि एक कबड्डीला जात असतील, तर पहिल्याच्या दातांची काळजी नियम घेतो आणि दुसऱ्याचे दात नशिबावर सोडलेले असतात. याला धैर्याचा किंवा भित्रेपणाचा प्रश्न समजणे चुकीचे आहे. रिंगमध्ये ठोसे खाणारा बॉक्सर जे घालतो, ते कबड्डीपटूने घातल्यास त्याच्या मर्दपणाला बाधा येते, हा समज काही मैदानांवर अजून टिकून आहे आणि त्याला काहीही आधार नाही.

या साधनाची सुरुवातही बॉक्सिंगमध्येच झाली. लंडनमधील दंतवैद्य वूल्फ क्राऊस यांनी १८९० मध्ये गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्या बॉक्सरांच्या वरच्या दातांवर बसवल्या. अमेरिकेत शालेय फुटबॉलपटूंना, म्हणजे तिथल्या अंगावर धावून जाण्याच्या फुटबॉलपटूंना, १९६२ पासून माऊथगार्ड बंधनकारक करण्यात आले. मात्र नियम केल्याने काय फरक पडतो, हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते न्यूझीलंडच्या रग्बीमध्ये. तिथे १९९७ मध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंना आणि १९९८ मध्ये देशांतर्गत रग्बीच्या सर्व गटांना माऊथगार्ड सक्तीचे झाले. त्या देशात अपघातांची भरपाई एक सरकारी संस्था देते, त्यामुळे खेळात दुखावलेल्या दातांच्या दाव्यांची नोंद एका ठिकाणी होते. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतील दातांच्या दुखापतींचे दावे ४३ टक्क्यांनी कमी झाले. न्यूझीलंडमधले खेळाडू त्याआधीही बऱ्यापैकी प्रमाणात माऊथगार्ड घालत होते. सक्तीमुळे उरलेलेही घालू लागले, आणि तरीही एवढी घट झाली.

आकड्यांविषयी इथेच एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. माऊथगार्ड न घातल्यास दुखापतीची शक्यता साठ पटींनी वाढते, असे विधान जाहिरातींत वारंवार आढळते, पण त्याचा पाया कच्चा आहे. २००७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ही वाढ १.६ ते १.९ पट असल्याचे दिसले. हा आकडा दिसायला लहान असला तरी विश्वासार्ह आहे, आणि वर्षभर सराव करणाऱ्या संघाच्या दृष्टीने तो मुळीच लहान नाही. माऊथगार्डमुळे मेंदूला बसणारा धक्का टळतो, हा दावाही ठामपणे सिद्ध झालेला नाही. दात, ओठ, गाल आणि काही प्रमाणात जबडा यांचे संरक्षण एवढेच त्याचे काम मानावे.

(दृश्य: जबड्याच्या प्लॅस्टर साच्यावर माऊथगार्ड बसवणारे हात.)

हे काम कसे होते, ते समजून घेण्यासारखे आहे. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक थर असतो आणि दात त्या थरात तोललेला असतो. समोरून बसलेला मार एकाच दातावर एकवटला तर दाताचा तुकडा उडतो, मूळ मोडते किंवा तंतू तुटून दात अख्खा बाहेर येतो. सर्वांत जास्त मार वरच्या मधल्या दोन दातांना बसतो आणि ज्यांचे वरचे दात खालच्या दातांपेक्षा ३ मिलीमीटरहून अधिक पुढे आहेत, त्यांना हा धोका साधारण दुप्पट असतो. माऊथगार्डच्या लवचिक थरामुळे तोच मार अनेक दातांवर विभागला जातो आणि त्याचा जोर थोड्या अधिक काळात पसरतो. ओठ आणि गाल दातांवर चिरडले जात नाहीत. हनुवटीखालून गुडघा बसला की खालचे दात वरच्या दातांवर आदळतात आणि मार थेट कानाजवळच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. तिथेही मध्ये एक मऊ थर असल्याचा उपयोग होतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला तयार आकाराचा, जो कोणाच्याच तोंडात नीट बसत नाही आणि जागेवर राहावा म्हणून सतत दात आवळून धरावे लागतात. दुसरा गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा, जो क्रीडासाहित्याच्या दुकानांत काही शे रुपयांना मिळतो. तिसरा दंतवैद्याने दातांचे माप घेऊन, प्लॅस्टरचा साचा करून, त्यावर इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या प्लॅस्टिकचा तापवलेला तक्ता दाबून बनवलेला. तो सर्वांत चांगला आणि अर्थातच कितीतरी महाग. नाशिकमध्ये पंचवटीत मुंबई-आग्रा महामार्गावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. एखाद्या मंडळाने सर्व खेळाडूंची दंततपासणी आणि मापे एकदमच करून घेण्याविषयी तिथे किंवा ओळखीच्या दंतवैद्याकडे विचारणा करणे अजिबात अवघड नाही.

(दृश्य: चढाई. मध्यरेषा ओलांडण्याआधीपासून सुरू झालेला ‘कबड्डी, कबड्डी’चा उच्चार.)

कबड्डीपटूंचा खरा आक्षेप मात्र पैशांचा नसतो, तो दमाचा असतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. चढाईपटूला मध्यरेषा ओलांडण्याआधी दम घ्यावा लागतो आणि ३० सेकंदांच्या चढाईत ‘कबड्डी’चा उच्चार एका श्वासात, अखंड आणि पंचांना स्पष्ट ऐकू येईल असा करावा लागतो. दम तुटला की तो बाद. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या खेळात तोंडाने असे काम करावे लागत नाही, त्यामुळे रग्बीचा किंवा बॉक्सिंगचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. तयार आकाराचे माऊथगार्ड दात आवळून धरावे लागते. दात आवळून दम कसा घेणार? शिवाय ‘ब’ म्हणताना दोन्ही ओठ मिटावे लागतात आणि ‘ड’ म्हणताना जिभेचे टोक टाळूला टेकवावे लागते. पुढून जाड असलेले माऊथगार्ड ओठ मिटू देत नाही आणि टाळूवर पसरलेले माऊथगार्ड जिभेला अडवते.

मापाने बनवलेले किंवा काळजीपूर्वक बसवलेले माऊथगार्ड तोंड उघडले तरी वरच्या दातांवरून सुटत नाही, त्याची टाळूकडची कड दातांच्या मुळापाशीच संपते आणि थोड्या सरावानंतर उच्चार मोकळा होतो. नीट बसलेल्या माऊथगार्डमुळे खेळाडूच्या श्रमक्षमतेत लक्षणीय घट होत नाही, असे बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते आणि मळमळते. म्हणून ते थेट सामन्यात न घालता आधी घरी अभ्यास करताना आणि मग सरावात घालावे. दमाचा आक्षेप पकड करणाऱ्यांना तर लागूच होत नाही. बचाव करताना उच्चार करायचा नसतो, आणि घोट्यासाठी चेहरा खाली नेणाऱ्या कोपरारक्षकांनाच तोंडावर मार बसण्याची शक्यता जास्त असते. एखाद्या मंडळाला सगळ्या संघासाठी एकदम खर्च झेपत नसेल, तर सुरुवात दोन्ही कोपरारक्षकांपासून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गरम पाण्याचे माऊथगार्ड बसवताना एक चूक नेहमी होते. मऊ झालेले प्लॅस्टिक तोंडात घेताच खेळाडू जोरात चावतो, समोरच्या दातांवरचा थर कागदासारखा पातळ होतो आणि जिथे संरक्षण हवे तिथेच ते उरत नाही. पाकिटावर सांगितलेला वेळ पाण्यात बुडवून, क्षणभर थंड पाण्यात धरून, वरच्या दातांवर बसवावे, अलगद चावावे, ओठ आणि गाल बाहेरून बोटांनी दाबावेत आणि आतली हवा ओढून घ्यावी. नंतर ते थंड पाण्याने धुवावे, ब्रशने घासावे आणि छिद्रांच्या डबीत ठेवावे. ते उन्हात तापलेल्या दुचाकीच्या डिकीत विसरले तर वाकडे होते, आणि दुसऱ्याचे माऊथगार्ड कधीही वापरू नये. दातांना तारा असलेल्या मुलांनी ते स्वतः बसवू नये; तारा लावणाऱ्या दंतवैद्याला विचारावे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना क्वचितच ठाऊक असते. चौदाव्या वर्षी समोरचा दात कायमचा गेला तर लगेच इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवता येत नाही, कारण जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. तोपर्यंतची काही वर्षे, म्हणजे नेमकी दहावी, बारावी आणि महाविद्यालयाची वर्षे, काढता-घालता येणाऱ्या दातावर किंवा तात्पुरत्या उपायांवर काढावी लागतात. वाढत्या वयात जबडा बदलतो, नवे दात येतात, म्हणून माऊथगार्डही दर हंगामात तपासून गरज पडेल तेव्हा बदलावे लागते.

(दृश्य: तालुक्याच्या गावातील रात्रीचा सामना, प्रकाशझोत, मैदानाभोवतीची गर्दी.)

माऊथगार्ड असूनही किंवा नसल्यामुळे दात निखळून पडलाच, तर पुढचा एक तास निर्णायक असतो. मुळावरचे तंतू कोरडे पडले की मरतात आणि साठ मिनिटांनंतर ते जगण्याची आशा जवळजवळ संपते. नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट विशेष गंभीर आहे. सिन्नर नाशिक शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे, पेठ ५० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि शहरात शिरल्यावर द्वारका चौकातली कोंडी वेगळीच. म्हणून पहिला उपचार मैदानावरच झाला पाहिजे. दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, ते घासू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने क्षणभर धुवून, खेळाडू शुद्धीवर असेल तर दात तिथेच खळगीत बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावा. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. डेअरीतली पिशवी चालेल, चहाच्या टपरीवरचे उकळते दूध चालणार नाही. दूध नसेल तर खेळाडूच्याच लाळेत ठेवावा. साध्या पाण्यात ठेवू नये. लहान मुलाचा दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नसतो, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

स्पर्धेच्या आयोजकांनी पाण्याच्या टाकीइतक्याच सहजपणे दुधाची एक पिशवी बर्फात ठेवावी आणि रात्री कोणता दंतवैद्य उपलब्ध असेल, हे आधीच विचारून ठेवावे. त्याच आयोजकांना प्रवेशिकेत एक अट घालण्याचा अधिकारही आहे. वरच्या संघटनेचा नियम येईपर्यंत मंडळाला स्वतःच्या स्पर्धेसाठी, निदान कुमार गटासाठी, माऊथगार्ड आवश्यक ठरवण्यापासून कोणी अडवलेले नाही.

परत बसवलेला दात दंतवैद्य बारीक लवचिक तारेने शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, वाढ पूर्ण झालेल्या दाताचे रूट कॅनल त्याच काळात सुरू करतात आणि पुढे किमान पाच वर्षे त्यावर लक्ष ठेवतात. असा खेळाडू मैदानावर परततो, तेव्हा त्याच्या दातांची ठेवण किंचित बदललेली असते. जुने माऊथगार्ड त्यावर बसत नाही, आणि नवे माप दंतवैद्याकडूनच घ्यावे लागते.