शून्यातून आलेला सायफर

श्रोतेहो, नमस्कार. फोनवर निरोप पाठवताना वर 'एन्क्रिप्टेड' असं लिहून येतं, ते तुम्ही रोज बघता. अशा निरोपाचा जुना शब्द सायफर. आपण कूटसंदेश म्हणू. गुप्त संदेश नव्हे हं, कूटसंदेश! गुप्त ते दिसतच नाही. कूट समोर दिसतं, पण किल्लीवाचून, म्हणजे कोणती खूण कशासाठी ते ठाऊक असल्यावाचून, कळत नाही. पुन्हा सांगतो, दिसतं पण कळत नाही. काने-मात्रे गाळून धाडलेले निरोपही हल्ली कळत नाहीत, पण त्याला कूट नाही, आळस म्हणतात.

सायफर शब्द तसा घरचाच. आपल्या 'शून्य'चं अरबीत झालं 'सिफ्र', त्याचा युरोपात सायफर. आधी अर्थ शून्य, मग कोणताही अंक, मग कूटलिपी.

शून्यावरून मला हमखास मेरी आठवते. स्कॉटलंडची राणी मेरी. साल १५८६. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या कैदेत तिला १८ वर्षं झालेली. चिठ्ठ्या जायच्या-यायच्या बिअरच्या पिंपाच्या पोकळ बुचातून! आणि सगळ्या कूटात. अक्षरांना २३ खुणा, शब्दांना ३६, शिवाय ४ खुणा नुसत्या चकवा द्यायला. अर्थ? शून्य. वाचणाऱ्याने त्या गाळायच्या.

बॅबिंग्टन नावाच्या तरुणाने तिला एलिझाबेथच्या खुनाचा बेत कळवला. १७ जुलैला मेरीने उत्तर दिलं, चांगलं ऐसपैस. साध्या अक्षरांत तिने एवढं लिहिलंच नसतं, असं आपलं माझं मत. कूटाने माणूस सैल सुटतो.

पण पिंपवाला टपालाचा मार्ग एलिझाबेथच्या हेरप्रमुखाच्या, वॉल्सिंगहॅमच्या मुठीत होता. त्याच्या पदरी फेलिप्स, कूट उकलण्यात पटाईत. या विद्येचा पाया मोजणीत आहे. खुणा मोजायच्या. इंग्रजीत 'ई' सर्वांत जास्त येतो, म्हणून जी खूण सारखी डोकावते ती 'ई' असावी. किल्ली नसली तरी चालतं, मोजणी हवी!

फेलिप्सने चिठ्ठी उलगडली. मग गडी काय करतो? मेरीच्याच कूटलिपीत खाली ताजा कलम घुसडतो: खून करणार असलेल्या सहा जणांची नावं कळव. आणि वॉल्सिंगहॅमकडे उकल पाठवताना तिच्यावर छोटंसं चित्र काढतो. फाशीच्या खांबाचं.

सप्टेंबरात बॅबिंग्टन फासावर गेला. ८ फेब्रुवारी १५८७ ला मेरीचा शिरच्छेद झाला.