पुळी दिसण्याआधीचे काही तास

(दृश्य : ओठाची कड, अगदी जवळून. त्वचा नेहमीसारखीच.)

ओठाच्या कडेला, नेमक्या एका जागी, मुंग्या आल्यासारखं होतं. किंचित खाजतं, किंचित जळजळतं. आरशात पाहिलं तर काहीच दिसत नाही. ज्यांच्या ओठावर वरचेवर पुळ्या येतात त्यांना ही चाहूल बरोबर कळते. औषध घ्यायची खरी वेळ हीच. पण बहुतेक जण थांबतात, 'बघू, येतेय का ते' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस दिसतो, आणि मग औषधाच्या दुकानाकडे पाय वळतात. तोवर औषधाचा उपयोग बराचसा हातचा गेलेला असतो.

हे दुखणं 'हर्पिस सिम्प्लेक्स' विषाणूचं, बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकाराचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा पहिला प्रकार होता. लागण बहुधा लहानपणीच होते, कुणाच्या तरी पाप्यातून किंवा लाळेतून. अनेकांना ती झाल्याचं कधी कळतही नाही. तेव्हा ओठावर पुळी आली म्हणून कुणाच्या वागणुकीवर शंका घेण्याचं काही कारण नाही. नागीण हा आजारही वेगळा, त्याचा विषाणू कांजिण्यांचा.

(दृश्य : चेहऱ्याच्या मज्जातंतूंचं रेखाचित्र. ओठापासून कवटीच्या तळापर्यंत जाणारी रेषा.)

पहिल्या लागणीनंतर विषाणू ओठावर राहत नाही. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूवरून तो मागे सरकतो आणि कवटीच्या तळाशी, त्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन बसतो. तिथे तो नवे विषाणू तयार करत नाही, निपचित असतो. आजची औषधं विषाणूच्या वाढीत अडथळा आणतात. जिथे वाढच चालू नाही, तिथे त्यांना करण्यासारखं काही नसतं. म्हणून हा विषाणू शरीरातून कायमचा काढून टाकता येत नाही. 'मुळापासून बरं करतो' असं सांगणाऱ्यावर पैसे घालवू नका.

मग तो जागा कशाने होतो? ताप हे एक जुनं, सर्वपरिचित कारण. पुळी आली की 'अंगातला ताप बाहेर पडला' असं म्हणतात. पण तापातलं काही ओठावाटे बाहेर येत नसतं, तापाच्या ताणाने आतला विषाणू उठतो. दुसरं मोठं कारण ऊन. त्यातले अतिनील किरण ओठाच्या त्वचेला इजा करतात आणि तिथली प्रतिकारशक्ती काही काळ मंदावतात. बर्फावरून आणि पाण्यावरून परतणारं ऊनही यात धरायचं. याशिवाय पाळी, जागरण, मानसिक ताण, ओठ फाटणं, चेहऱ्यावरचे लेझर उपचार, दाताच्या कामात ओठ बराच वेळ ताणला जाणं. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. पुळी आली की आधीच्या दोन-तीन दिवसांत काय काय झालं ते वहीत टिपून ठेवा. चार-पाच वेळच्या नोंदी जमल्या की आपलं कारण बहुधा समोर येतं.

ऊन हे कारण निघालं, तर उपाय सोपा आहे. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचा लिप बाम बाहेर पडण्यापूर्वी लावायचा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचा. खाऊन-पिऊन झाल्यावरही लावायचा, कारण तो सगळ्यात आधी तिथेच पुसला जातो. गडबड होते ती इथेच : सकाळी एकदा लावला की दिवसभराचं काम झालं असं वाटतं.

(दृश्य : गोळ्यांचं पाकीट, शेजारी पाण्याचा पेला.)

आता औषधं. पुळीत विषाणूची वाढ पहिल्या दिवस-दोन दिवसांत सर्वाधिक असते. म्हणून मोठ्या माणसांसाठी डॉक्टर व्हॅलसायक्लोव्हिर देतात तेव्हा ते एकाच दिवसाचं असतं : चाहूल लागताच २ ग्रॅम, आणि १२ तासांनी आणखी २ ग्रॅम. फॅमसायक्लोव्हिर असेल तर १५०० मिलिग्रॅम, एकदाच. असायक्लोव्हिरच्या गोळ्याही चालतात, पण त्या दिवसातून अनेकदा आणि काही दिवस घ्याव्या लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही मात्रा कमी करावी लागते. गरोदरपणातही आधी डॉक्टरांना विचारायचं. गोळ्यांनी आजार सरासरी एखाद्या दिवसाने आटोपतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण अगदी वेळेवर घेतल्या तर काही जणांचे फोड उठतच नाहीत. म्हणून आमचा आग्रह एकच : चिठ्ठी आधीच घ्या, गोळ्या आधीच आणून ठेवा, प्रवासात सोबत न्या, आणि पाकिटावरची मुदत अधूनमधून तपासा. रात्री अकराला ओठ चुरचुरू लागल्यावर चिठ्ठी मिळवायची कुठून?

असायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं मलम दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावतात. त्याचा गुण गोळ्यांहून कमी. खपली धरल्यावर ते सुरू करण्यात अर्थ नाही.

फोड फुटून ओली जखम होते तेव्हा दुखणं सर्वाधिक असतं. स्वच्छ, ओला, गार कपडा पाच-दहा मिनिटं टेकवायचा. आंबट, खारट, तिखट टाळायचं. खपली धरली की साधी पेट्रोलियम जेली लावून ती मऊ ठेवायची. कोरडी खपली हसताना, जांभई देताना तडकते, रक्त येतं आणि भरत आलेली जखम मागे जाते. जेली बोटाने नको, कापसाच्या काडीने लावा आणि काडी टाकून द्या. टूथपेस्ट किंवा स्पिरिट लावल्याने विषाणू मरत नाही, त्वचा मात्र भाजते. सगळ्यात घातक म्हणजे घरात पडलेलं, कशाकशासाठी वापरलं जाणारं स्टिरॉइडचं मलम. लाली उतरते म्हणून बरं वाटतं, पण ते तिथली प्रतिकारशक्ती दाबतं आणि जखम पसरू शकते. अँटिबायोटिक मलमाचाही विषाणूवर काही परिणाम होत नाही.

सगळं सुरळीत झालं तर सात ते दहा दिवसांत त्वचा पूर्ववत होते. तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेखाली पांढरट चट्टे असतील तर ते बहुधा साधं तोंड येणं असतं. ते संसर्गजन्य नाही आणि ही औषधं त्याला लागू पडत नाहीत.

(दृश्य : नळाखाली साबणाने धुतले जाणारे हात.)

पहिल्या चुरचुरीपासून खपली पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन बंद. मुखमैथुनातून हाच विषाणू जननेंद्रियांवर जातो. पेला, टॉवेल, दाढीचं पातं, लिपस्टिक वेगळं ठेवा. पुळी नसतानाही लाळेतून अधूनमधून विषाणू बाहेर पडतो, मात्र धोका फोड आणि ओल्या जखमेच्या वेळी सर्वाधिक. पुळीला हात लागला की लगेच साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर विषाणू बुबुळावर व्रण करू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स थुंकी लावून ओली करण्याची सवय यासाठीच सोडायची. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. घरातले स्टिरॉइडचे थेंब घालू नका.

दोन आठवड्यांत जखम भरली नाही, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असली, किंवा इसब असलेल्या त्वचेवर फोड पसरू लागले, तर वाट पाहायची नाही. पुळीनंतर आठ-पंधरा दिवसांत हातांवर गोलात गोल असे लाल चट्टे उठले, तर तेही डॉक्टरांना दाखवा. त्या दोन्हींचा संबंध असू शकतो.

वर्षातून सहा किंवा त्याहून जास्त वेळा पुळ्या येत असतील, तर डॉक्टर रोजच्या गोळ्यांचा विचार करतात : असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा किंवा व्हॅलसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा, काही महिने. मग थांबवून पाहतात. या गोळ्यांनी पुळ्यांची संख्या घटते, पण संसर्गाची शक्यता शून्य होत नाही. घरात नवजात बाळ असेल तर हे विशेष लक्षात ठेवायचं. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला हा विषाणू रोखता येत नाही. तो यकृतात, मेंदूत पोचू शकतो आणि जिवावर बेततं. ओठावर पुळी असेल तर बाळाचा पापा कुणीही घ्यायचा नाही, आजी-आजोबांनीसुद्धा. आईला पुळी असेल तर तिने मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ घ्यावं. स्तनावर फोड नसतील तर अंगावर पाजायला हरकत नाही. बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं, अंगावर एखादा फोड दिसला, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या, आणि घरात कुणाच्या ओठावर पुळी होती हे तिथे आपणहून सांगा.