माश्यांचं मशीन, जुन्या बाजारातलं

(दृश्य: स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन तारांना टेकतं. ठिणगी.)

माश्या मारायच्या या मशीनचा प्लग काढून बराच वेळ झालाय, तरी त्याच्या तारांच्या जाळीत अजून एवढी वीज शिल्लक आहे. काही मशिनांत आत कॅपॅसिटर असतो आणि तो साठा धरून ठेवतो. प्लग काढला म्हणून बेफिकीर हात घातला, की झटका बसतो. म्हणून जुन्या बाजारात अशी मशिनं दुरुस्त करून विकणारे मामा आधी जाड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने शेजारशेजारच्या दोन तारा एकमेकींना जोडतात. ठिणगी उडून गेली की मगच पुढचं काम.

(दृश्य: जुना बाजार, सकाळ. ताडपत्र्या, पंखे, इस्त्र्या.)

पुण्यातल्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मामांच्या ताडपत्रीवर मिक्सरही आहेत, टेबल फॅनही आहेत. पण त्यांचा जीव रमतो तो माश्या मारायच्या मशिनांत. मिठाईच्या दुकानात, खानावळीत, मटणाच्या दुकानात भिंतीवर टांगलेली, निळ्या ट्यूबची ती पेटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

हॉटेल बंद पडतं, दुकानाचं नवं फर्निचर होतं, आणि ही पेटी भंगारात निघते. आता बऱ्याच स्वयंपाकघरांत माशी चिकटवून धरणाऱ्या फळीचं मशीन लावतात, त्यामुळेही जाळीवाली मशिनं बाहेर पडतात. लोखंडी पत्र्याची भक्कम पेटी, आत ट्रान्सफॉर्मर, चोक, होल्डर. सगळं धडधाकट, आणि विकलं जातं किलोवर! मामा भंगारवाल्यांना त्याहून चार पैसे जास्त देतात. अट एवढीच, की आपटायचं नाही आणि ट्यूब फोडायची नाही.

(दृश्य: उघडलेली पेटी. तारांच्या जाळीवरून कॅमेरा सरकतो.)

या यंत्राची युक्ती जुनी आहे. विल्यम फोल्मर आणि हॅरिसन चॅपिन यांना अमेरिकेत अशा यंत्राचं पेटंट १९३४ साली मिळालं. ट्यूबमधून निळ्या उजेडासोबत ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण निघतात. आपल्याला ते दिसत नाहीत, माशीला दिसतात, आणि ती तिकडे ओढली जाते. जाळीच्या तारा एकाआड एक ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना जोडलेल्या असतात. घरातले २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून वाढून या तारांवर येतात ते २,००० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. दोन तारांमधली मोकळी जागा माशीच्या अंगाने भरली, की प्रवाह तिच्यातून जातो.

(दृश्य: ट्रे ओढून काढला जातो. अगदी जवळून.)

हा ट्रे मिठाईच्या दुकानातल्या मशीनचा. माश्या, दिव्यावर येणाऱ्या पाखरांचे पंख, आणि सगळ्यावर तुपाच्या धुराचा चिकट थर. नख लावलं तर नखात येतो. मामांचा भाचा तोंडाला रुमाल बांधून ट्रे आधी कागदावर उलटा करतो, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवतो.

जाळीला मात्र पाणी लावायचं नाही. रंगाच्या जुन्या ब्रशने, कोरडीच, वरून खाली. तारांना चिकटलेला जळका थर पॉलिश पेपरच्या पट्टीने एकेका तारेवरून काढायचा. पुढे दिसतात ते चिनीमातीचे पांढरे ठोकळे, ज्यांच्यावर तारा तोललेल्या आहेत. त्यावरची ही बारीक काळी रेघ नीट पाहा. साठलेल्या घाणीतून वीज वाट काढते, ती वाट जळून कोळसा होते, आणि मग माशी नसतानाही मशीन चरचरत राहतं. दुकानदार म्हणतो, बिघडलं. खरं तर ते घाण झालेलं असतं. एवढ्याशा रेघेपायी पूर्ण यंत्र भंगारात जातं, ही गोष्ट मामांना सहन होत नाही आणि मलाही होत नाही.

वाकलेल्या तारा पक्कडीने सरळ होतात. सगळ्या तारांमधलं अंतर सारखं झालं का, हे मामा डोळ्यांनी नाही, पत्र्याची एक पट्टी तारांमधून फिरवून बघतात. मग वायर आणि थ्री पिन टॉप नवे, कारण जुन्याची अर्थिंगची पिन हमखास कुणीतरी तोडलेली असते. लोखंडी पेटीला अर्थिंग नसेल, तर ती मामांच्या हातून बाहेर जात नाही.

(दृश्य: सिरीज बोर्ड. १०० वॉटचा बल्ब.)

मशीन थेट प्लगला लावत नाहीत. आधी सिरीज बोर्डावर, म्हणजे वीज या बल्बमधून जाऊन मगच मशीनला मिळते. आत कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब भगभगीत पेटेल. बल्ब मंद राहिला. भाचा मामांकडे बघतो.

(दृश्य: दोन ट्यूब शेजारी शेजारी पेटलेल्या.)

दोन्ही सारख्याच निळ्या दिसतात. पण डावीकडची दोन उन्हाळे वापरलेली आहे. उजेड टिकतो, अतिनील किरण मात्र कमी होत जातात, आणि माश्या येईनाशा होतात. चालू दुकानातली ट्यूब वर्षाला बदलावी लागते, ती कुणी बदलत नाही. मामा प्रत्येक मशिनात नवी घालतात. जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे ती न फोडता ई-कचरा संकलनातच द्यायची.

(दृश्य: गिऱ्हाईक मशीन उचलून बघतं.)

"मामा, डास मरतील का यानं?"

"डासांसाठी नेत असाल तर नका नेऊ, दादा."

मामा गिऱ्हाईक सोडायला तयार आहेत, पण खोटं सांगायला नाहीत. ते बरोबरच सांगतायत. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंगणात लावलेल्या अशा मशिनांतले १३,७८९ कीटक तपासले. त्यांत चावणारे निघाले फक्त ३१. डास माणसाच्या श्वासाच्या आणि वासाच्या मागावर येतो, निळ्या उजेडाच्या नाही.

या दादांना मशीन हवंय दूध काढून ठेवायच्या खोलीसाठी, माश्यांचा त्रास आहे म्हणून. भाव ठरतो. मामा पैसे खिशात घालण्याआधी सांगून घेतात: "दुधाच्या कॅनवर टांगू नका, माशी फुटून तिचे कण उडतात. दारातून दिसेल असंही लावू नका, बाहेरच्या माश्या आत येतील. ट्रे आठवड्याला झाडायचा. प्लग काढून. आणि पुढच्या वर्षी ट्यूब न्यायला या, नुसती ट्यूब, मशीन आणायची गरज नाही."