मुलीला बोलावून विचारू

(मंडळीच्या अंगणात हंगामाच्या सणाच्या दुपारी केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. पाळकसाहेब, महिला मंडळाच्या बहिणी, तरुण संघाची पोरं, आणि मागे लिंबाच्या सावलीत बसलेले माझे जुने सोबती. समोर कोहळी, तुरीच्या शेंगा, संत्र्याचे कॅरेट मांडलेले आहेत आणि त्यांच्या लिलावाच्या आधी मला पस्तीस मिनिटं मिळाली आहेत. विषय तुम्हीच दिला: मोठे निर्णय घेताना देवावर भाव कसा ठेवावा. मी चार मुद्दे लिहून आणले आहेत. पण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात साचली आहे, ती आधी सांगू द्या.

निर्णयाची वेळ आली की आपण चिन्ह शोधतो. पोरीचं लग्न, पोराची नोकरी, वावर विकायचं की ठेवायचं. मग कोणी चिठ्ठ्या टाकतो, कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो आणि बोट ठेवतो. आमच्या शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर घ्यावा की नाही म्हणून असंच बोट ठेवलं, ते पडलं निर्गमाच्या पंधराव्या अध्यायावर, मिसरच्या राजाचे, फारोचे रथ समुद्रात बुडाले तिथे. ट्रॅक्टर घ्यायचा राहिला. (हशा.) हसू नका, त्या माणसाची प्रार्थना खरी होती. त्याच्या शेजारी बसून 'कर्जाचा हप्ता किती, वावर किती, भाड्याने चालवणार का' एवढं विचारणारं कोणी नव्हतं, याचं मला दुःख आहे.

आता ती गोष्ट. माझी भाची. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. नर्सिंग पूर्ण केलेली पोर, हुशार, कमी बोलणारी. त्या वर्षी गावात तीन रात्री संजीवन सभा झाल्या. बाहेरून एक उपदेशक आले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भर मांडवात म्हणाले, प्रभूने मला दाखवलं आहे, एप्रिलच्या आत हिचं लग्न आहे आणि मुलगा पुण्याचा आहे. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या ओळखीतून पुण्याचं स्थळ आलं. माझी बहीण रडली, तिचे यजमान, आमचे जावई, गुडघ्यावर आले. घरोघरी उपकारस्तुती झाली. कोण काय बोलणार? प्रश्न विचारला तर तो प्रभूवरच संशय झाला असता.

साखरपुड्याच्या चार दिवस आधी मी तिथे गेलो. ओसरीवर पाहुणे, यादी, मांडववाल्याचा हिशोब. मी पाणी प्यायला चुलीपाशी गेलो तर भाची भाकरी थापत होती. परातीत ज्वारीचं पीठ, हात कोपरापर्यंत पांढरे. तव्यावरची भाकर एका बाजूने करपायला लागली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "बाई, भाकर जळते." तिने भाकर उलटली आणि माझ्याकडे न पाहता बोलली, "मामा, सगळ्याईनं प्रार्थनेत माह्यं नाव घेतलं. मले कोणंच इचारलं नाही."

तेवढंच. पुढची भाकर थापायला घेतली. मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. ते वाक्य आज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे. कारण त्या घरी प्रार्थना करणाऱ्यांत मीही होतो. मीही विचारलं नव्हतं.

रात्री मी उत्पत्तीचा चोविसावा अध्याय काढला. तुम्हाला पाठ आहे. अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधायला दहा उंट घेऊन निघतो, विहिरीवर थांबतो, चिन्ह मागतो आणि त्याला ते मिळतं. चिन्ह मागणारे लोक इथेच थांबतात. पण पुढे वाचा. मुलीचा भाऊ लाबान आणि बाप बथुवेल म्हणतात की ही गोष्ट परमेश्वराकडून आली आहे, आम्ही काय बोलणार. म्हणजे देवाची इच्छा ठरली, घरच्यांनी मान्य केली. आणि तरीसुद्धा सत्तावन्नाव्या वचनात म्हणतात, मुलीला बोलावून तिला विचारू. रिबकेला बोलावलं, विचारलं, या माणसाबरोबर जाशील का? आणि ती आपल्या तोंडाने म्हणाली, जाते.

कोणी म्हणेल, तो प्रश्न फक्त आज निघायचं की दहा दिवस थांबायचं एवढ्यापुरता होता. बरोबर आहे, पंचावन्नाव्या वचनात दहा दिवसांचीच बोलणी चालली आहेत. मला तर ते अजूनच महत्त्वाचं वाटतं. दहा दिवसांसाठी जर तिला विचारलं, तर जन्मासाठी विचारू नये?

मी ओसरीवर हेच वाचून दाखवलं. जावई आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. भाचीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, दोन वर्षं नोकरी करते, मग बघू. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, स्थळ गेलं. उपदेशकांना फोन केला तर ते म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडला. हे मला आजही सहन होत नाही. स्वतःच्या शब्दाचा भार एका पोरीच्या डोक्यावर टाकून माणूस पुढच्या गावी निघून जातो, आणि गावातल्या लोकांना वाटतं हिनेच प्रभूला नाही म्हटलं. बहिणीने वर्षभर सभेला जाणं सोडलं होतं. भाची आज नर्स आहे. लग्न झालेलं नाही. त्यावरून कोण बरोबर ठरलं ते मी मोजायला बसत नाही.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्या एका भेटीवर त्यांनी उडी मारली नाही. वाचलं, झगडले, पत्रव्यवहार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एवढा विचारी माणूस, पण आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी विचारलं नव्हतं. त्या माउलीने पुढची कित्येक वर्षं ताटातुटीत काढली. नंतर त्यांनी स्वतः, आपल्या बुद्धीने, आपल्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. कोणाची पत्नी म्हणून आपोआप आल्या नाहीत. टिळकांची भजनं आपण दर रविवारी गातो, मी गातो तेव्हा मला लक्ष्मीबाईही आठवतात.

किती झाले? सव्वीस मिनिटं? अरे देवा. बरं, मुद्द्यांवर येतो.

पहिला मुद्दा, चिन्हाचा. गिदोनाने चिन्ह मागायला रात्री खळ्यात ठेवलेली लोकर सगळ्यांना आठवते. पण शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय पाहा: देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, जा. लोकर त्याने नंतर ठेवली, तीही दोनदा, कारण धीर होत नव्हता. देवाने त्याच्या भीतीला सांभाळून घेतलं, म्हणून ती आपली रीत होत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, हे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा आला. त्यानंतर प्रेषितांची सगळी कृत्ये वाचून काढा, मंडळी पुन्हा चिठ्ठी टाकत नाही. पंधराव्या अध्यायात ते एकत्र बसतात, वाद घालतात, आणि लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं. आत्म्याला आणि आम्हाला, दोघांना.

दुसरा, बंद दाराचा. त्याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पवित्र आत्म्याने प्रेषित पौलाला आशिया प्रांतात अडवलं, बिथुनियात अडवलं. मग त्रोवसला दृष्टांत झाला, मासेदोनियाचा माणूस बोलावतो आहे. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण अनुमान 'आम्ही' काढलं असं ते पुस्तक लिहिणारा लूक लिहितो. ज्याला दर्शन झालं त्यानेही सोबत्यांसमोर ते ठेवलं.

तिसरा, वाट पाहण्याचा. 'देवावर सोडलं' म्हणून हात झाडून बसतो, त्याला भाव म्हणत नाहीत. तुम्ही सगळे बगीचेवाले आहात. मृगाचा बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, घ्यायचा तर एप्रिल-मे मध्ये संत्र्याला ताण देतो, पाणी तोडतो. तेव्हा घरी झोपतो का? रोज सकाळी जाऊन पान पाहतो, किती मलूल झालं, किती गळलं. भारी जमीन असेल तर जास्त दिवस, हलकी असेल तर कमी. ताण जास्त झाला तर झाडच जातं. फूल आपण काढू शकत नाही, ते देव काढतो. पण बगीच्यात रोज जाणं आपलं काम आहे.

चौथा, आणि तो मी नीट मांडणार होतो. निर्णयानंतर काय? निकाल वाईट आला तर आपण म्हणतो देवाची इच्छा नव्हती. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपूरला आले, शाळा काढली, गोंडांची भाषा नि चालीरीती टिपून ठेवल्या, आणि १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. ते नागपूरला आले हे चुकलं का? पौल देवाच्या बोलावण्याने मासेदोनियातल्या फिलिप्पैला गेला आणि फटके खाऊन तुरुंगात पडला. ते चुकलं का? नीतिसूत्रे म्हणतात, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. बुद्धी वापरू नकोस असं म्हणत नाहीत. विचारून, प्रार्थना करून पाऊल टाकलं असेल तर निकालाची भीती त्याच्या हातात द्या. आणि पाऊल चुकलं असेल तर परत फिरायची लाज धरू नका, तो परत फिरणाऱ्यालाही वाट दाखवतो.

लिलावाची मंडळी उभी राहिली, दिसतंय मला. शेवटची विनंती. माझ्या बगीच्यातली जुनी संत्र्याची झाडं डिंक्या रोगाने जात आहेत. विहिरीचं पाणी खाली गेलं आहे. झाडं तोडून नवीन लावावीत, की संत्रं सोडून तूर-कपाशीवर यावं, की दोन एकर विकावं, हे मला येत्या महिन्यात ठरवायचं आहे. बायकोला विचारलं, तिचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं आहे. मुलाला विचारलं. प्रार्थना रोज चालू आहे. आता तुम्हाला विचारतो. रविवारी उपासना सुटली की ज्यांनी डिंक्याची बाग पाहिली आहे त्यांनी या लिंबाखाली थांबा. चहा माझ्याकडे.