गोठ्यात आधी कळलं होतं

अध्यक्षांनी माझी ओळख 'गुरांचे डॉक्टर' अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसा. गोचिडांचे आजार गोठ्यात आधी कळतात आणि माणसांच्या दवाखान्यात फार उशिरा, हेच मला आज सांगायचंय. विषय जिवाणूंचा दिलाय, तिकडे येतोच. पण ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दक्षिणेची गुरं हाकत उत्तरेला नेत. ती स्वतः धडधाकट. पण ती जिथून गेली, तिथली उत्तरेची गुरं काही आठवड्यांनी तापानं, लाल लघवी होऊन मरायची. पशुपालक म्हणत, हे गोचिडांचं काम. शिकलेली माणसं हसत. (मागची रांग, ऐकताय ना?) थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी मात्र कुरणाला कुंपणं घातली. एकीकडे दक्षिणेची गुरं गोचिडांसकट. दुसरीकडे तशीच गुरं, पण अंगावरचा गोचीड न् गोचीड हातानं वेचलेला. ते वेचणाऱ्यांची मला आजही दया येते. तिसरीकडे दक्षिणेचं एकही जनावर नाही, गवतावर नुसते गोचीड पसरलेले. उत्तरेची गुरं सगळीकडे सोडली. गोचीड वेचलेल्या कुरणात ती ठणठणीत राहिली, नुसत्या गोचिडांच्या कुरणात आजारी पडली!

हे छापून आलं १८९३ साली. रॉस यांना डासात मलेरियाचा जंतू दिसला १८९७ मध्ये. रॉस यांचं नाव शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. किलबोर्न पशुवैद्य होते. त्यांचं नाव कुणी ऐकलंय? एक हात. तो माझा विद्यार्थी आहे, धरत नाही.

आता कुणी म्हणेल, त्या गुरांना मारणारा जंतू बॅबेसिया, तो एकपेशी परजीवी, जिवाणू नव्हेच. कबूल. पण वाट त्यानंच दाखवली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मग भराभर.

१९०६ मध्ये हॉवर्ड रिकेट्स यांनी रॉकी माउंटनचा ठिपक्यांचा ताप गोचिडांतून पसरतो हे दाखवलं. चारच वर्षांत टायफस या दुसऱ्या तापाचा अभ्यास करताना टायफसनंच ते गेले. लाइम, हाही गोचिडांचाच आजार: अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये मुलांचे सांधे सुजतायत हे १९७५ मध्ये आयांनी लावून धरलं, विली बर्गडॉर्फर यांनी शोधलेला जिवाणू १९८२ मध्ये जाहीर झाला. एर्लिकिया हा गोचिडांतून येणारा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. आणि माझा आवडता पुरावा, अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम हा जिवाणू: मेंढ्यांमधला त्याचा ताप १९३० च्या दशकात नोंदला गेला, माणसांमधला १९९० च्या दशकात!

म्हणून डॉक्टर मंडळींना विनंती: ताप, डोकेदुखी, अंगदुखी घेऊन कुणी आला तर घरात जनावर आहे का, रानात गेला होतात का, एवढं विचारा. कुत्रा सहसा थेट आजार देत नाही, गोचीड देतो. अंगावर चट्टे नसले तरी शंका सोडू नका. ठिपक्यांच्या तापाचा दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतात. उशीर जिवावर बेततो.

गोचीड काढायचा कसा, हा प्रश्न येणारच. रॉकेल नको, काडीचा चटका नको. चिमट्यानं कातडीलगत धरा, सरळ वर ओढा. चिरडू नका, हात धुवा. उठतो, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.